दोन वर्षांचा वायदा

परवा भाच्याचा फोन आला. बारावीत आहे, सध्या जीवशास्त्राने पछाडलाय. म्हणाला, "मावशी, कोरोनाची लस वर्षभरात आली. एड्सची चाळीस वर्षांत का नाही? शास्त्रज्ञ झोपले होते का?" तेव्हा हसले, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

वायदा तर झाला होता. २३ एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी एड्सचा विषाणू सापडल्याचं जाहीर केलं. (पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो आदल्याच वर्षी सापडला होता!) साधारण दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली.

त्या काळी ती आशा वेडेपणाची नव्हती. देवीतून वाचलेल्याला सहसा पुन्हा देवी येत नसत. म्हणजे शरीराला जमतं तेच लस आधी शिकवून ठेवते. इथे गोची अशी, की एचआयव्हीला हुसकावणं शरीराला जवळजवळ जमतच नाही. मग नक्कल कोणाची करायची? ज्या पेशींनी लढाईची सूत्रं हलवायची, त्यांच्याच डीएनएत हा जाऊन बसतो. आणि रूप इतक्या झपाट्याने बदलतो की ओळख पटेपर्यंत चेहरा वेगळा!

मग अपयशांची रांग लागली. २००७ मध्ये 'स्टेप' चाचणी थांबवावी लागली. लस घेतलेल्या काहींमध्ये उलट संसर्ग जास्त दिसला. २००९ मध्ये थायलंडमधल्या सोळा हजारांवर लोकांच्या चाचणीत ३१ टक्के संरक्षण दिसलं. तोच धागा पकडून दक्षिण आफ्रिकेत केलेली चाचणी २०२० मध्ये निष्फळ ठरली. २०२३ मध्ये 'मोझाइको'ही थांबली.

या रांगेत आपलं पुणंही आहे. भारतातली पहिली एड्स लस-चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये भोसरीच्या 'नारी' संस्थेत सुरू झाली. लस सुरक्षित निघाली, पण प्रतिकारशक्ती फारशी जागी झाली नाही. एड्स हा शब्दही आपण कुजबुजत उच्चारायचो, त्या दिवसांत काही निरोगी माणसांनी आपणहून दंड पुढे केला. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

आणि गंमत म्हणजे, अमेरिकेत कोरोनाच्या लशींच्या मोठ्या चाचण्यांना जे जाळं कामी आलं, ते बरंचसं एचआयव्हीच्या चाचण्यांसाठीच विणलेलं होतं.

भाच्याला रात्री फोन करून एवढंच सांगितलं, "झोपले नव्हते रे. तुझी वर्षभरात आलेली लस त्यांच्याच जागरणावर आली."

असो.