सूर्याचे चित्र टिपताना : १८९८ चे खग्रास आणि कॅमेऱ्याची निवड

२२ जुलै २००९ ची सकाळ आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या आषाढी अमावास्येला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या उत्तरेला, थेट सुरतेवरून गेला. दूरदूरचे अभ्यासक आणि हौशी छायाचित्रकार तेथे येऊन थांबले होते. परंतु पावसाळी ढगांनी आकाश झाकले आणि दुर्बिणींना जोडलेले कॅमेरे तसेच राहिले. पश्चिम भारतात पावसाळ्यातील ग्रहण म्हणजे नशिबाचा खेळ, हे त्या दिवशी पुन्हा कळले. त्याच निमित्ताने एका हिवाळी ग्रहणाची आठवण येते. ते होते २२ जानेवारी १८९८ चे. कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी त्याची छाया भूमीवर उतरली आणि सोलापूर, वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. पोर्तुगीज अमलाखालच्या सिल्वासात ते केवळ खंडग्रास होते.

या ग्रहणाच्या कथेत शिरण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवले जातात आणि १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी तेथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. ऐकताना ऊर भरून येतो, परंतु इतिहास वेगळा आहे. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि इंग्रज अधिकारी टेनंट गुंटूरला होते, तर जॉन हर्शेल हे लष्करी अधिकारी पटवर्धनांच्या जमखंडीत वर्णपटदर्शक लावून बसले होते. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधूनच, ग्रहणाविना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव आले. पृथ्वीवर तो वायू रॅम्झे यांना १८९५ मध्ये सापडला. लॉकियर विजयदुर्गास आले ते त्यानंतर, १८९८ च्या ग्रहणासाठी. तेव्हा विजयदुर्गाचा मान खराच आहे. केवळ साल आणि कारण निराळे आहे.

मधल्या तीस वर्षांत छायाचित्रणाची कला पार बदलली होती. १८६८ मध्ये टेनंट यांच्या पथकाला गुंटूर येथे ओल्या कलोडियनच्या काचा वापराव्या लागल्या. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वीच ती धुऊन काढायची, असा तो प्रकार. खग्रासाच्या अवधीत त्यांच्या हाती सहा चित्रे लागली. १८९८ पर्यंत कोरड्या काचा आल्या होत्या. त्या आधी तयार ठेवता येत आणि सावकाश धुता येत. त्यामुळे अडचण हाताच्या चपळाईची राहिली नाही. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याचे नेमके काय टिपायचे आणि त्यासाठी कोणता कॅमेरा आणायचा, हा प्रश्न उरला.

याचे गणित सोपे आहे. भिंगाचे नाभीय अंतर जितके, त्याच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढी सूर्याची प्रतिमा पडते. करमाळा तालुक्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा उभारला. त्यातील सूर्यप्रतिमा सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाची होती. एवढी अवजड नळी सूर्यामागे फिरवणे अशक्य, म्हणून नळी स्थिर ठेवून काचच यंत्राने सरकवण्याची युक्ती या कॅमेऱ्यात होती. किरिटाची, म्हणजे सूर्याभोवतीच्या फिकट तेजोवलयाची, सूर्यालगतची बारीक रचना टिपणे हा त्याचा हेतू.

याउलट वऱ्हाडातील तळणी येथे अॅनी माँडर या विदुषी अवघ्या दीड इंच व्यासाचे आणि नऊ इंच नाभीय अंतराचे भिंग घेऊन आल्या होत्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत गणनाचे काम करणाऱ्या या बाईंना १८९५ मध्ये विवाहानंतर ती नोकरी सोडावी लागली होती. त्यांच्या कॅमेऱ्यात सूर्य दोन मिलिमीटरांचाच उमटे. परंतु लहान प्रतिमेत प्रकाश एकवटतो आणि आजूबाजूचे विस्तीर्ण आकाशही सामावते. म्हणूनच सूर्यापासून लक्षावधी मैल दूर गेलेली किरिटाची एक शलाका त्यांच्या काचेवर उमटली. तोपर्यंत एवढी लांब शलाका कोणीच टिपली नव्हती. चाळीस फुटी कॅमेऱ्याला जे दाखवता येणार नव्हते, ते या खेळण्याएवढ्या यंत्राने दाखवले. मोठा तो श्रेष्ठ, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

तिसरी निवड लोलकाच्या कॅमेऱ्याची. भिंगापुढे लोलक ठेवला की सूर्याच्या चंद्रकोरीएवढ्या कडेचे प्रत्येक रंगात वेगळे चित्र पडते आणि काही सेकंदच चमकणाऱ्या तेजोरेषा टिपता येतात. विजयदुर्गास लॉकियर यांचा भर यावरच होता. 'मेल्पोमीन' या युद्धनौकेचे खलाशी त्यांनी मदतीस घेऊन तालमी करवून घेतल्या होत्या. जेऊरला वर्णपटाचेच काम पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला करीत होते.

या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. उदवाडा-संजाणच्या शेजाराने पारशी समाज आपल्याला परका नाही. परंतु या पारशी संशोधकाची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. १८८२ मध्ये त्यांच्या प्रयत्नांना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण कित्येक दशके भारतातील सर्वांत मोठी होती. शहर प्लेगने आणि २२ जून १८९७ च्या रँडवधाने हादरलेले असताना त्याच शहरातील एका भारतीय प्राध्यापकाने जेऊरच्या माळावर परदेशी पथकांच्या बरोबरीने आपली यंत्रे मांडली आणि त्या वेधांचा अहवालही प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले. वेधशाळा बंद पडून दुर्बीण कोडाईकनालला गेली. विजयदुर्गाची दंतकथा टिकली आणि जेऊरचे खरे काम विस्मृतीत गेले.

अर्थात धागा पूर्ण तुटला नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या 'आदित्य एल-१' यानावरील 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्याच 'आयुका' संस्थेच्या पुढाकाराने घडली. ती अकरा गाळण्यांमधून सूर्याची अतिनील छायाचित्रे घेते. वातावरण अडवते तो प्रकाश टिपायचा, म्हणून ती अवकाशात पाठवली. प्रश्न तोच आहे : सूर्याचे काय पाहायचे आहे? ते ठरले की यंत्र आपोआप ठरते.

आपल्यालाही ही निवड लवकरच करावी लागेल. २ ऑगस्ट २०२७ रोजी, म्हणजे सिल्वासाच्या मुक्तिदिनीच, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. दिवस पावसाळ्याचे, तेव्हा ढगांची हमी कोणी देऊ नये. खंडग्रासात किरीट दिसत नाही, म्हणून लांब शलाकांची अपेक्षा व्यर्थ. चंद्राने कापलेली कड आणि असतील तर सौरडाग टिपायचे, तर लांब नाभीय अंतर उपयोगी. दुर्बिणीच्या तोंडाशी, नेत्रिकेशी नव्हे, खात्रीची सूर्यगाळणी बसवल्यावाचून मात्र डोळाही लावू नये आणि कॅमेराही. नातवंडांना तो चावलेला सूर्य दाखवताना जेऊरच्या माळावरील नायगमवालांची गोष्टही सांगावी. दंतकथेपेक्षा ती कमी रोमहर्षक नाही, आणि खरी आहे.