परंपरागत औषधोपचार व त्यांचा सुरक्षित वापर (बालाघाट जिल्हा)

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट हा जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून निर्माण झाला. गोंदियाला लागून असलेल्या त्याच्या दक्षिण भागात मराठी व पोवारी बोलली जाते, तर बैहरकडील जंगलपट्ट्यात गोंड व बैगा या जमातींची वस्ती आहे. बैगांमध्ये दुखण्याचे कारण शोधून त्यावर मंत्र व झाडपाला यांचा उपचार करणाऱ्यास ‘गुनिया’ म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्या ‘द बैगा’ (१९३९) या ग्रंथात त्याची सविस्तर माहिती आढळते. जेथे दवाखाना दूर आणि गुनिया शेजारी, तेथे त्याला वगळून सुरक्षिततेची कोणतीही योजना आखणे व्यर्थ होय.

झाडपाल्यातील धोका मुख्यतः वनस्पतीची ओळख, मात्रा व शोधन यांत असतो. शोधन म्हणजे द्रव्याची दाहकता किंवा विषारीपणा कमी करणारी पूर्वक्रिया. बिब्याच्या टरफलातील तेल कातडीला लागताच फोड उठतात, म्हणून वैद्य बिबा विटेच्या चुऱ्यात घोळून व घासून ते तेल आधी काढून टाकतात. कळलावीचा कंद त्याहून घातक आहे. प्रसूती लवकर व्हावी म्हणून त्याचा बाहेरून लेप लावण्याची प्रथा असली, तरी तो पोटात गेल्यास त्यातील कॉल्चिसिन या विषारी द्रव्यामुळे काही तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात आणि पुढे अस्थिमज्जेचे कार्य मंदावून रुग्ण दगावूही शकतो.

औषधे व प्रसाधने कायदा, १९४० याखालील नियमांच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत बिबा, कळलावी, गुंज, धोतरा व कुचला यांचा समावेश असून, ती घातलेल्या पोटात घ्यायच्या तयार औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. मात्र स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवणाऱ्या वैद्य-हकिमांना उत्पादनाच्या परवान्यातून सूट आहे, आणि जंगलातून उपटून आणलेल्या मुळीवर तर कसलीच चिठ्ठी नसते. तेथे देणाऱ्याची जाण हाच रुग्णाचा एकमेव आधार राहतो.

सर्पदंशात झाडपाल्यावर घालवलेला वेळ जिवावर बेततो. विषारी दंशावर प्रतिविष हाच खरा इलाज असून, सर्पदंशाने अधिक मृत्यू होणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश मोडतो. अशा रुग्णाला तत्काळ दवाखान्यात धाडणारा गुनिया आरोग्यसेवेचा मोलाचा सहकारी ठरतो. झाडपाल्यासाठी चालू उपचार सोडणेही तितकेच धोक्याचे असते; सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाने जडीबुटी सुरू केली तरी डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सियुरिया हे औषध परस्पर बंद करू नये.

आयुर्वेद, सिद्ध, युनानी व होमिओपॅथी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी केंद्रीय योजना २०१८ मध्ये सुरू झाली असून, तिचे समन्वयन नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे आहे. नोंदीत वनस्पतीचे स्थानिक नाव, घेतलेली मात्रा व त्याच सुमारास चालू असलेल्या गोळ्या यांची माहिती द्यावी. उरलेली मुळी किंवा साल जपून ठेवल्यास तिची ओळख पटवणे सोपे जाते.