तपकिरी दातांनी शिकवलेले माप



“दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत,” हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. पण पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो आणि शेवटची दुधाची दाढ पडेपर्यंत लेकरू अकरा-बारा वर्षांचे होते. तोवर याच दातांनी त्याला भाकरी चावायची असते. पक्क्या दातांची जागाही हेच राखून ठेवतात. दुधाच्या दातांचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, पक्क्या दातांपेक्षा पातळ असते, म्हणून कीड आत लवकर शिरते. हे कवच कमजोर होऊ लागले, तर टूथपेस्टमधले फ्लोराईड ते पुन्हा भरून यायला मदत करते. हे माणसाला कसे उमगले, त्याची गोष्ट आज सांगते. तिची सुरुवात झाली ती डागाळलेल्या दातांपासून.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी गेले. तिथे जन्मलेल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. मोठेपणी बाहेरून राहायला आलेल्यांचे दात मात्र स्वच्छ होते. १९०९ मध्ये जी. व्ही. ब्लॅक हे नामवंत दंतसंशोधक त्यांच्या मदतीला आले. दोघांना दोन गोष्टी कळल्या. दात हिरड्यांच्या आत घडत असतानाच डाग पडतात, ही पहिली. आणि या डागाळलेल्या दातांना कीड फारशी लागत नाही, ही दुसरी.

१९२३ मध्ये मॅके आयडाहो राज्यातल्या ओकली गावात गेले. तिथल्या आईबापांनी त्यांना सांगितले, “गावात नवीन नळाचे पाणी आले, त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले.” मॅकेंनी पाणी तपासले, पण त्यात काही सापडले नाही. तरीही त्यांनी आईबापांचे म्हणणे मानले आणि ते पाणी बंद करून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यायला सांगितले. काही वर्षांतच लहान मुलांना बिनडागांचे पक्के दात येऊ लागले. प्रयोगशाळेला जे दिसले नव्हते, ते घरच्या माणसांनी आधी ओळखले होते.

पाण्यातली ती वस्तू सापडली १९३१ मध्ये. आर्कान्सामधले बॉक्साइट हे ॲल्युमिनियम कंपनीचे गाव. तिथल्या मुलांच्या दातांवरही डाग होते. आता आपल्या भांड्यांवर आळ येईल, या काळजीने कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी पाण्याची बारकाईने तपासणी केली. त्यात फ्लोराईड फार निघाले. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या पाण्याचा आणि दातांचा ताळा घेतला. लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम फ्लोराईड असले, तर बहुतेकांच्या दातांवर डाग पडत नाहीत आणि कीडही कमी लागते, असे दिसले. सगळा प्रश्न मापाचा होता.

मग हेच फ्लोराईड टूथपेस्टमधून द्यायचा विचार पुढे आला. आधीच्या प्रयत्नांत अडचण यायची, कारण पेस्टमधला खडू फ्लोराईडला धरून ठेवायचा आणि ते दातापर्यंत पोचतच नसे. इंडियाना विद्यापीठातल्या जोसेफ म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. त्यांच्या शोधातून आलेल्या पेस्टला १९६० मध्ये अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेने मान्यता दिली.

आता दातावर नेमके काय घडते, ते पाहू. मुलाने बिस्किट, साखर किंवा गोड दूध घेतले की तोंडातले जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. हे आम्ल कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळवते. थोड्या वेळाने लाळ तेच क्षार परत आणून बसवते. दिवसभर अशी झीज आणि भर चालूच असते. फ्लोराईड असले की भर लवकर पडते आणि नवा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती कीड लागण्याची सुरुवात असू शकते. त्या वेळी कवच सावरता येते. एकदा खड्डा पडला, की पेस्टने तो बुजत नाही. मग दंतवैद्याकडेच जावे लागते.

आता आपल्या गावाकडे येऊ. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल तर फार तर दीड. ते त्याहून जास्त असेल, तर दात डागाळतात आणि वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्याने हाडेही आखडतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या महिला गावात असतील, तर बचत गटाच्या बैठकीत त्यांना बोलवा आणि पाण्याचा अहवाल मागा.

पेस्टचे मापही लक्षात ठेवा. पहिला दात आला की तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. १००० पीपीएम लिहिलेल्या पेस्टच्या तांदळाएवढ्या दाण्यात जेमतेम ०.१ मिलिग्रॅम फ्लोराईड असते. पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम असेल, तर एक लिटर पाण्यातून त्याच्या तीसपट पोटात जाते. म्हणून अशा गावात आधी पाण्याचे पाहा आणि मुलाच्या पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारा.

दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपताना नक्की, मुलाचे दात आपण स्वतः घासून द्या. थुंकायला शिकवा, नंतर भरपूर पाण्याने चूळ भरायला लावू नका, म्हणजे फ्लोराईड दातावर टिकते. पेस्टची नळी मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. आणि मिश्री मुलांच्या बोटाला कधीच लागू देऊ नका. ती तंबाखू आहे. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे.

ओकलीच्या आईबापांनी पाण्याकडे बोट दाखवले, म्हणून त्यांच्या पुढच्या लेकरांचे दात वाचले. आज रात्री दिव्याच्या उजेडात मुलाचा वरचा ओठ हळूच उचला आणि हिरडीलगत बघा. पांढरी रेघ दिसली, तर ती अजून हातातली गोष्ट आहे.