पायऱ्या उडवल्या, मग भार घोट्यावर आला

1818 साली पेशवाई बुडाली आणि कॅप्टन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी नाशिककडचे किल्ले ताब्यात घेत फिरला. तट आणि बुरुज पाडत बसण्यापेक्षा गडाची वाटच मोडणे इंग्रजांना सोपे वाटले. कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, की वर ना धान्य जाते ना माणूस. अलंग आणि मदन या गडांच्या पायऱ्या अशाच गेल्या. हरिहरचा जवळजवळ उभा जिना तेवढा शाबूत राहिला. त्याच्या पायऱ्यांत हाताने धरायला खोबण्या आहेत आणि आजही साधा गावकरी तो चढून जातो. अलंग-मदनला मात्र पायऱ्या तुटल्या तिथे दोर लावावा लागतो.

सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणाचा इतिहास सांगताना सुळक्यांची आणि चढणाऱ्यांची नावे येतात. पायाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि खरे हाल तर त्याचेच झाले. पायरीवर अख्खा तळवा टेकतो. कड्यावर मिळते बोटभर रुंदीची कपार. तिच्यावर अंगठ्याची आतली कड रोवायची, टाच अधांतरी ठेवायची आणि सगळा भार तिथे तोलायचा. अशा वेळी अंगठा खाली दाबणारी शीर आणि तळपायाची कमान उचलून धरणारी शीर, दोन्ही घोट्याच्या आतल्या बाजूने ताणल्या जातात. रहाटावरून दोर वळावा तशा त्या हाडामागून वळतात आणि घासतात ते नेमक्या त्याच वळणावर. अशा शिरेला वैद्यकाच्या भाषेत कंडरा म्हणतात, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. आडवे सरकताना पाऊल कलते, तेव्हा बाहेरच्या घोट्यामागच्या दोन कंडरा त्याला सावरतात.

ज्या कपारीवर हा भार तोलायचा, ती दख्खनच्या काळ्या पाषाणाची. लाव्हाचे थरावर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा पाषाण तयार झाला. सह्याद्रीत त्याचे कडे झाले. मराठवाड्यात तो काळ्या मातीखाली दडला आणि माणसांनी तो घडवून बारवांना लावला. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल बारव याचा सुंदर नमुना आहे. तिच्या पायऱ्या वळत वळत पाण्यापर्यंत उतरतात. वालूरच्या आसपास चढायला कडा नाही, पण खोल पाण्यापर्यंत उतरण्याची गरज होती. बांधणाऱ्यांनी त्या उतरणीत पावलाला दर वेळी टेकायला जागा दिली. भरलेली घागर घेऊन वर येणाऱ्या बाईच्या घोट्याचा विचार त्या दगडात आहे. इंग्रजांच्या सुरुंगांनी कड्यावरून नेमकी हीच सोय हिरावून घेतली.

घोट्याच्या दुखण्याकडे मात्र आपल्याकडे फार पूर्वीच लक्ष गेले होते. सुश्रुतसंहितेत वातकंटक नावाचा विकार आहे. पाऊल वेडेवाकडे पडल्याने घोट्याच्या ठिकाणी वात कोपतो आणि कळा येतात, असे त्याचे वर्णन आहे. गुल्फ, म्हणजे घोटा, हे सुश्रुताने वेदना देणाऱ्या मर्मांत धरले. खेड्यापाड्यांत उपाय ठरलेले होते: आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप, विटेचा शेक, कोमट तेल.  लेपाने बरे वाटूही शकते. पण नुकत्याच सुजलेल्या घोट्याला जोरजोराने चोळून ‘लचक उतरवणे’ घातकच, कारण आत फाटलेले त्याने आणखी फाटू शकते.

1954 साली मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली आणि पुढच्या दशकांत महाराष्ट्रात दोर लावून कडे चढण्याची परंपरा रुजली. पायात मात्र बरीच वर्षे कॅनव्हासचे हंटर शूजच होते. स्वस्त, कातळावर बऱ्यापैकी पकड घेणारे, पण मऊ. तळ वाकतो म्हणून बोटभर कपारीवरचा सगळा भार पायाच्या शिरांनाच पेलावा लागे.

तिकडे फ्रान्समध्ये पिएर आलँ या गिर्यारोहकाने 1930च्या दशकातच गुळगुळीत रबरी तळाचे खास जोडे बनवले होते. 1982 साली स्पेनच्या बोरिआल कंपनीने चिकट रबराचा जोडा आणला आणि जगभरचे चढणारे तिकडे वळले. पकड वाढली, पण दुखण्याने जागा बदलली. आता जोडा मापापेक्षा लहान घ्यायचा, बोटे दुमडून कोंबायची, ही चाल पडली. मागची कड टाचेच्या मोठ्या शिरेवर रुतू लागली. 2016 आणि 2017 साली नवी मुंबईत बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीच्या भिंती चढण्याच्या, विश्वचषकाची फेरी झाली. कृत्रिम भिंतीवर वाढलेल्या पिढीला हे जोडे आता सवयीचे आहेत.

टाचेच्या शिरेवरचा आजचा एक महत्त्वाचा उपाय स्वीडनमधून आला, आणि त्याला लागते ती साधी पायरी. हाकान आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदाला स्वतःलाच हे दुखणे होते. शस्त्रक्रिया नाकारली गेली, तेव्हा त्याने दुखऱ्या शिरेवर मुद्दाम भार टाकला आणि ती सुधारली, अशी हकीकत सांगितली जाते. 1998 साली त्याने पंधरा जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे आणि टाच सावकाश खाली सोडायची; गुडघा ताठ ठेवून आणि वाकवून, दिवसाला 180 वेळा, बारा आठवडे. कंडरेत रक्तपुरवठा तोकडा असतो, म्हणून ती सावकाश भरते. नुसते पडून राहिल्याने ती दुबळीच होते. टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर मात्र टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीवरच हा व्यायाम करतात.

घोट्याच्या आतून किंवा बाहेरून दुखत असेल, तर व्यायाम वेगळा लागतो आणि तो फिजिओथेरपिस्टने ठरवावा. बाहेरच्या घोट्यावरून शीर टकटक सरकत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. टाचेमागे फट्‌ आवाज होऊन चवड्यावर उभेच राहता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पुन्हा चढायला लागताना मोठ्या कपारींचे छोटे मार्ग घ्यावेत, दोन चढायांच्या मध्ये जोडे काढावेत आणि गडावरून उतरण्यासाठी सॅकमध्ये जाड तळाचे, टाच धरून ठेवणारे बूट ठेवावेत.