असईचा उतार

सायकलवाल्याला विचारलंत तर 'उतार' हा मराठीतला सगळ्यात गोड शब्द. पायडल मारणं बंद करायचं, वारा खायचा... बस्स! पण माझ्या आजोबांच्या तोंडी उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. पावसाळ्यात "नदीला उतार नाही" असं ते म्हणाले की बाहेरगावचे सगळे बेत रद्द. आजचा लेख या दुसऱ्या उताराबद्दल आहे. पण तिथे पोचायला जरा लांबून, थेट फ्रान्समधून यावं लागेल. शनिवार आहे, घाई कुणाला आहे?

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी चार महिने ग्रनोबलला होतो. आठवडाभर कोड आणि मीटिंगा, शनिवार-रविवार मोकळे. मग एक सायकल भाड्याने घेतली. सायकलवर बिऱ्हाड बांधून गावोगाव हिंडणं ही तिकडची जुनी हौस. सेंट एतिएनचा पॉल द व्हिव्ही, टोपणनाव वेलोसिओ, याने १८८७ मध्ये सायकलवर मासिक काढलं आणि शर्यतीऐवजी भटकंतीसाठी सायकल चालवा म्हणून आयुष्यभर लोकांच्या मागे लागला. आज कालव्यांच्या काठाने, बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गांवरून सायकलच्या वाटा आहेत. रोन नदीची वाट तर जिनिव्हाच्या तळ्यापासून भूमध्य समुद्रापर्यंत जाते. चौकाचौकात पाट्या. माझ्यासारख्याने चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.

एका रविवारी सायकल रेल्वेत टाकून शांबेरीला गेलो. तिथून बुर्जेच्या तळ्याकडे जायचा बेत होता. गावात शिरलो आणि भर चौकात चार हत्ती! उंच खांबाच्या चार बाजूंनी बाहेर आलेले, फक्त पुढचा अर्धा भाग असलेले चार हत्ती. गावकरी त्यांना 'बिनबुडाचे चौघे' अशा अर्थाच्या, जरा चावट नावाने ओळखतात. आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती कुठून आले म्हणून पाहिलं, तर हे कारंजं १८३८ मध्ये बांधलेलं, जनरल द ब्वान्य यांच्या स्मरणार्थ. हिंदुस्थानात पैसा कमावून आलेले, गावाला भरपूर दान दिलेले.

द ब्वान्य... द ब्वान्य... दोन मिनिटं लागली. अहो, हा तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला डी बॉईन! महादजी शिंद्यांच्या पदरी १७८४ मध्ये लागला, कवायती पलटणींचे कंपू उभे केले, तोफखाना बांधला, १७९५ मध्ये परत गेला. त्याचं सॅव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतंच, ते १८६० मध्ये आलं. पण ते असो. त्या तळ्याकडे मी गेलो खरा, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. डी बॉईनने घडवलेल्या त्या फौजेचा घास जिथे पडला ती जागा माझ्या जिल्ह्यात आहे. मी जालन्यात वाढलो, आणि त्या जागेवर कधी गेलेलो नव्हतो. परक्या गावातल्या हत्तींनी आठवण करून द्यावी, याची जरा लाजच वाटली.

पुढच्या दिवाळीत घरी आलो. लक्ष्मीपूजन झालं, फराळ झाला, आणि सायकल काढली.

आता थोडा इतिहास. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना ते मान्य होणं शक्यच नव्हतं. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झालं. आर्थर वेलस्ली, वय ३४, पुढे ज्याला जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखणार होतं, त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबरला जालन्याची गढी घेतली. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले. हो, तेच बदनापूर, जिथे आपण संभाजीनगरला जाताना चहाला थांबतो. ठरलं असं की स्टीव्हन्सनने पश्चिमेच्या वाटेने जायचं, वेलस्लीने डोंगराला वळसा घालून जालन्याकडून, आणि २४ तारखेला भोकरदनजवळ दोघांनी मिळून शिंदे-भोसल्यांवर पडायचं.

माझी सायकलची वाट साधारण वेलस्लीची. जालन्याहून उत्तरेला निघालो. शहराजवळून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकीलाही मज्जाव, सायकलची काय कथा! राजूरला गणपतीचं दर्शन घेतलं, मिसळ खाल्ली. दोन्हीकडे कपाशी, मधूनच मोसंबीची बाग. वेलस्लीच्या फौजेने २३ तारखेला सकाळपासून दुपारपर्यंत १४ मैल, म्हणजे बावीस-तेवीस किलोमीटर कापले. मी तेवढं अंतर दीड तासात काटलं आणि स्वतःवर खूश झालो. मग लक्षात आलं, माझ्या पाठीवर ना बंदूक होती ना मागे धान्याच्या बैलांचा तांडा.

भोकरदन आलं. हे गाव काही कालपरवाचं नाही. जुनं नाव भोगवर्धन. भारहूतच्या स्तूपावरच्या लेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ मध्ये इथे उत्खनन झालं, त्यात स्त्रीची एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली होती, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात! पैठणहून अजिंठ्याचा घाट उतरून उज्जैनकडे जाणारा व्यापार याच भागातून जायचा. म्हणजे दोन हजार वर्षं इथून माणसं, बैल आणि माल जातोय. आणि जिथे वाट आहे, तिथे नदीला उतार हवाच.

इथून कथेचा मुख्य भाग. केळणा आणि जुई या दोन नद्या पूर्वेकडे जाऊन एकमेकींना मिळतात. त्यांच्या मधल्या जिभेवर, जुईच्या काठी, असई. वेलस्ली मुक्कामावर पोचला आणि त्याला कळलं की शत्रू दूर नाही, अगदी पुढ्यात आहे. केळणेच्या पलीकडे पोलमन नावाच्या हानोव्हरच्या माणसाच्या हाताखाली दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभरावर तोफा, शिवाय मोठं घोडदळ. वेलस्लीकडे मैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ सोडलं तर साडेचार हजारांच्या आसपास माणसं. स्टीव्हन्सनचा पत्ता नाही.

समोरच्या उतारावर तोफा रोखलेल्या. त्याने वाटाड्यांना विचारलं, दुसरीकडे कुठे उतार आहे का? वाटाडे म्हणाले, नाही.

वेलस्लीने दुर्बीण लावली. पूर्वेकडे नदीच्या अलीकडे एक गाव, आणि बरोबर समोर पलीकडच्या काठावर दुसरं. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर. एवढी जवळ, समोरासमोर दोन गावं वसली आहेत, तर त्यांच्यात येणंजाणं असणारच. म्हणजे उतार असणारच. त्याने एक इंजिनिअर अधिकारी पाठवून खात्री केली. उतार होता. फौज नदीपार झाली.

आमच्या धंद्यात हे रोज चालतं. डॉक्युमेंटेशन नसतं, विचारावं तर "असं काही नाही" म्हणून सांगतात. मग कोण कुणाशी बोलतंय ते बघून मधला रस्ता ओळखायचा. पण इथे त्या तर्काची किंमत फार मोठी होती.

कारण पुढचे तीन तास भयंकर होते. बगलेवर शत्रू आलेला दिसताच पोलमनच्या पलटणींनी अख्खी फळी काटकोनात वळवली. ही कवायत डी बॉईनची. ७४ व्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ चारशे लोक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकल्यावर उठून मागून तोफा डागू लागले. स्वतः दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले मात्र तोवर निघून गेले होते. संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती होत्या. वेलस्लीची दोन घोडी गेली. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही, तुमची सर्वांत चांगली लढाई कुठली, या प्रश्नाला त्याचं उत्तर असई हेच होतं.

इंग्रजांचे मेलेले ४२८, जखमी ११३८, बेपत्ता १८. एकेकाचा हिशोब आहे. समोरच्या बाजूचे? अंदाज. बाराशे मैदानात पडले होते म्हणतात, जखमी किती ते कुणी मोजलं नाही.

आणि इथे मला एक गंमत कळली. गंमत म्हणावी का, माहीत नाही. 'आपले' म्हणून ज्यांच्यासाठी माझा जीव तुटत होता ते गोलंदाज आणि शिपाई बहुतेक अवध-रोहिलखंडाकडचे. तिकडून लढणारे निम्म्याहून जास्त मद्रासकडचे. सरदार स्कॉटिश, आयरिश, जर्मन. त्या दिवशीच्या लढाईत खास इथलं म्हणावं असं एकच होतं, तो उतार. सासरी निघालेल्या पोरींनी, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यांनी, गुराख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाय टाकून पक्का केलेला. त्यांच्या रोजच्या वाटेने लढाईचा निकाल फिरवला, आणि त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. सैन्यं निघून गेली. १८०३-०४ ला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तोही त्यांच्याच वाट्याला आला.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. तो 'नाही' म्हणणारा वाटाड्या. त्याला खरंच माहीत नसेल? की माहीत असून बोलला नसेल? आपल्या बायामाणसांच्या वाटेवरून फौज जाऊ नये, एवढंच त्याला वाटलं असेल तर? हा निव्वळ माझा अंदाज, चूक असू शकेल. पण त्या लढाईत मला कुणाला भेटायला मिळालं तर वेलस्ली नको, तो वाटाड्या हवा.

मी केळणेच्या काठावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. फोनचा नकाशा म्हणाला, पलीकडे जायचं तर मागे फिरा, पुलावरून या, अकरा किलोमीटर. पण नदीपलीकडे घरं दिसत होती, माझ्या मागेही वस्ती होती. म्हटलं, बघू तरी. म्हशी घेऊन एक काका चालले होते.

"काका, इथून पलीकडं जाता येतं का?"

"काहून नाही? आम्ही रोज जातेत. त्या बाभळीपसून खाली उतरा, सायकल खांद्यावर घ्या. गुडघ्याइतकंबी पाणी नाही." मग माझ्याकडे नीट बघून, "कुठल्ले तुम्ही?"

"जालन्याचाच."

"मंग असं काय इचारता, भाऊ?"

बूट काढून गळ्यात अडकवले, सायकल खांद्यावर घेतली. खाली गोटे, पाणी गार. हाच तो १८०३ चा उतार, असा माझा अजिबात दावा नाही. दोनशेहून जास्त पावसाळ्यांत नदीने किती अंग बदललं असेल! मधोमध पोचलो तेव्हा पलीकडून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाण्यात उतरल्या. भाऱ्याला हात न लावता, खाली न बघता, सरळ माझ्या बाजूने निघून गेल्या. कुठल्या दगडावर पाय द्यायचा हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

मी मात्र दोनदा घसरलो.