कारखाना कधी बांधायचा?

‘सिव्हिलायझेशन’ या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत कारखाना 200 ढालींना पडायचा. ढाल हे त्या खेळातलं उत्पादनाचं माप. शहराच्या पडद्यावर ढालींच्या बारक्या रांगा भरत जायच्या, पेटी भरली की इमारत उभी. कारखान्याने शहराचं उत्पादन निम्म्याने वाढायचं आणि दर टर्नला चार नाणी देखभालीला जायची. मी भोसरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत कॉस्टिंगला होते, त्यामुळे आकडे दिसले की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जायचा. शहर टर्नला 12 ढाली काढत असेल तर कारखान्याने 6 वाढणार. म्हणजे घातलेलं वसूल व्हायला 33 टर्न, देखभाल वेगळी, आणि बांधायलाच आधी 17. असला प्रस्ताव घेऊन कुणी आमच्याकडे आलं असतं तर साहेबांनी चहा पाजून परत पाठवलं असतं.

नव्या मशीनच्या फाइलवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा: पेबॅक किती? दुसरा कुणी मोठ्याने विचारायचं नाही, पण खरा तोच: तोवर काम तरी हातात राहणार आहे का? टर्न घेत खेळायच्या राज्यखेळांचा साठेक वर्षांचा इतिहास मी या दोन प्रश्नांवर घासून बघते. माझं मत आधीच सांगून टाकते. कारखान्याची स्पर्धा दुसऱ्या कारखान्याशी नसते, नव्या गावाशी असते. आणि मोकळी जमीन शिल्लक आहे तोवर गावच जिंकतं. खेळ रचणाऱ्यांना हे मुळीच आवडत नाही. निकाल फिरवायला त्यांनी काय काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात 1964 ची. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर काउंटीत मेबल अॅडिस या प्राथमिक शिक्षिकेने शाळकरी मुलांसाठी ‘द सुमेरियन गेम’ लिहिला. प्रोग्राम विल्यम मॅके यांचा, यंत्र आयबीएम 7090. मूल लगश या प्राचीन नगराचा राजा व्हायचं आणि धान्य किती खाऊ घालायचं, किती पेरायचं, किती साठवायचं हे टाइप करून सांगायचं. चार वर्षांनी डग डायमेंटने त्याच कल्पनेवर एक छोटा खेळ केला. पुढे डेव्हिड अॅहलने तो बेसिक भाषेत आणला, 1973 च्या आपल्या पुस्तकात छापला, आणि ‘हमुराबी’ घरोघर गेला.

त्याचे आकडे मला तोंडपाठ आहेत. 100 माणसं, 1,000 एकर, कोठारात 2,800 बुशेल धान्य. माणशी खायला 20 बुशेल, एका बुशेलात दोन एकर पेरणी. म्हणजे 2,000 पोटाला, 500 बियाण्याला, उरले 300. त्यातही उंदीर वाटेकरी. इमारत एकही नाही, पण बियाणं म्हणजेच इथला कारखाना: आज तोंडातून काढायचं आणि पुढच्या वर्षी दामदुप्पट मिळेल अशी आशा धरायची. गंमत दहाव्या वर्षी आहे. कारकीर्द दहाच वर्षांची आणि शेवटी मोजतात ती माणशी जमीन आणि उपाशी मेलेल्यांचं प्रमाण. मग त्या वर्षी पेरायचं कशाला? हुशार खेळाडू बियाण्याचीही जमीन घेऊन टाकायचा. माझा दुसरा प्रश्न या खेळाने केव्हाच विचारला होता.

वॉल्टर ब्राइटच्या 1977 च्या ‘एम्पायर’मध्ये शहरं फक्त सैन्य, जहाजं, विमानं काढायची. उत्पादन बदललं की वेळ वाया जायचा, एवढाच काय तो नियोजनाचा भाग. इमारती खऱ्या अर्थाने आल्या 1991 मध्ये, मेरीलँडच्या मायक्रोप्रोज कंपनीत सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी केलेल्या सिव्हिलायझेशनबरोबर.

आमच्याकडे हा खेळ ऑफिसच्या 386 कॉम्प्युटरवर कॉपी केलेल्या फ्लॉपीतून आला. शिफ्ट सुटल्यावर दोघे-तिघे बसायचे. खेळ मधेच परीक्षा घ्यायचा: अमुक शोधाच्या आधीचे शोध कोणते? उत्तर मॅन्युअलमध्ये, आणि मॅन्युअल अर्थातच नव्हतं. म्हणून आम्ही सगळा शोधवृक्ष पाठ केला. रेल्वे आणि बँकिंग झाल्यावर औद्योगिकीकरण, आणि तेव्हाच कारखाना. कोठार मात्र मडकी घडवता आली की मिळायचं, 60 ढालींत. त्याने शहर वाढल्यावर निम्मं धान्य शिल्लक राहायचं.

आमच्यातला एक मशीन शॉपचा माणूस औद्योगिकीकरण लागल्याबरोबर सगळ्या शहरांत कारखाने लावायचा, खेड्यांतसुद्धा. मी वसाहतवाले काढायची. वसाहतवाला 40 ढालींचा, म्हणजे एका कारखान्याच्या किमतीत पाच. प्रत्येकामागे शहरातला एक माणूस कमी होतो हे खरं. पण नव्या शहराची मधली चौकट फुकट पिकते, त्यामुळे एका माणसाच्या गावात दोन चौकटी राबतात. पाच गावांनी दोन-दोन ढाली काढल्या तरी 10 झाल्या, वर धान्य आणि व्यापार. आणि यातलं प्रत्येक गाव पुढे स्वतःचे वसाहतवाले काढणार. कारखाना दुसरा कारखाना प्रसवत नाही. परदेशी खेळाडूंनी या पद्धतीला ‘इन्फिनिट सिटी स्लीझ’ असं हिणकस नाव दिलं. नाव काही ठेवा, बेरीज बरोबर होती.

कारखान्याची वेळ यायची ती बेटावर जागा संपल्यावर. 40 ढाली काढणाऱ्या शहरात तोच कारखाना 20 वाढवतो आणि दहा टर्नांत वसूल होतो. त्यात शेवटी अंतराळयान: सांगाड्याचा एकेक तुकडा 80, घटक 160, मॉड्यूल 320. तेवढ्यासाठी चार-पाच मोठ्या शहरांत कारखाना आणि वीजघर हवंच. बाकीच्या गावांत बांधणं म्हणजे चार नाण्यांची कायमची गळती आणि नकाशावर प्रदूषण. रोख मोजून इमारत घ्यायची तर पहिली टर्न जाऊ द्यायची, कारण पेटी रिकामी असताना भाव दुप्पट लागायचा. हे कळल्यावर आमचा परचेसवाला फारच खूश झाला होता.

या बाबतीत सगळ्यांत प्रामाणिक खेळ मात्र मला ‘मास्टर ऑफ ओरायन’ वाटतो. 1993, सिमटेक्स कंपनी, स्टीव्ह बार्सिया. याच खेळाविषयी लिहिताना अॅलन एमरिकने असल्या राज्यखेळांसाठी ‘फोर-एक्स’ हा शब्द काढला. ग्रहावर इमारतींची यादीच नाही. जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन अशा पाच पट्ट्या फक्त सरकवायच्या. कारखान्याची सुरुवातीची किंमत 10, दर टर्नला उत्पन्न 1. पेबॅक थेट छापलेला! त्यातला काही भाग घाण साफ करण्यात जातो, पण हिशेब उघडा आहे. आणि एक अट: सुरुवातीच्या तंत्रात लोकसंख्येच्या एका एककाला दोनच कारखाने चालवता येतात. माणसं नसतील तर कारखाने नुसते उभे. आधी वस्ती वाढवा, मग उद्योगाची पट्टी सरकवा. दुसरा क्रम इथे बसतच नाही.

हे वाचून अर्थशास्त्र शिकलेल्यांना काही आठवेल. 1956 ते 1961 च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत महालनोबिसांचा भर यंत्र बनवणाऱ्या यंत्रांवर, पोलादावर होता. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ वकील आणि ब्रह्मानंद म्हणत होते की आधी मजुराच्या धान्या-कापडाची सोय करा, नाहीतर कारखान्यात राबणारा माणूस खाणार काय? कोण बरोबर होतं यावर अजून पुस्तकं निघतात, त्यात मी पडत नाही. देशाचा खेळ अमुक टर्नला संपत नाही, हा मोठाच फरक. पण बार्सियाची पट्टी सरकवताना माझा कौल मुंबईकडे असतो.

2005 च्या चौथ्या सिव्हिलायझेशनमध्ये सोरेन जॉन्सनने पहिल्यांदा नव्या गावावरच कर बसवला. शहरांची संख्या आणि राजधानीपासूनचं अंतर वाढेल तसा खर्च वाढतो. भराभर गावं वसवणारा भिकेला लागतो. इमारतींची देखभाल मात्र त्याने काढून टाकली. वाटलं, आता तरी उत्पादनाच्या इमारतींचे दिवस आले. इथे ढालीच्या जागी हातोडा हे माप. भट्टी 120 हातोड्यांची, वाढ पंचवीस टक्के. आठ हातोडे काढणाऱ्या शहरात ती दोन देते. साठ टर्न! आणि खेळाडूंनी शोधलं भलतंच. गुलामगिरीची पद्धत स्वीकारली की शहरातला माणूस खर्ची टाकून काम उरकता येतं, माणशी 30 हातोडे. दोन वस्तीचं शहर तीनवर जायला 24 धान्य लागतं, तिनाचं चार व्हायला 26. कोठार असेल तर निम्मं आधीच भरलेलं असतं. म्हणजे चारचं शहर दोनवर आणायचं, 60 हातोडे घ्यायचे, आणि जेमतेम 25 धान्यात ते पुन्हा चारवर. दहा टर्न थोडी नाराजी, मग परत तेच. धान्य पिकणाऱ्या गावात कोठार हाच सुरुवातीचा कारखाना ठरला, आणि तेही 60 हातोड्यांत. खेळाडू याला ‘व्हिप’, म्हणजे चाबूक, म्हणतात. मला ते बटण दाबताना दरवेळी खटकतं, पण मी दाबते. चाबकाच्या किमतीत पोटातली चीड दहाच टर्न धरलेली आहे, एवढं कॉस्टिंगवालीने नोंदवून ठेवावं.

पाचव्या भागावर फार वेळ घालवत नाही. 2010 मध्ये जॉन शेफरने गावांवर नाराजीचा दंड बसवला, लोक चार शहरांवर थांबू लागले आणि कारखान्याला कोळसा लागू लागला. 2013 च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ने तीन कारखाने झाले की विचारसरणी निवडायला दिली, मग लोक उत्पादनासाठी नव्हे, इतरांच्या आधी विचारसरणी मिळावी म्हणून धडाधड तीन बांधू लागले. ही काही गुंतवणूक नव्हे, तिकीट आहे.

2016 च्या सहाव्या भागात एड बीचने इमारती शहराबाहेर, वेगळ्या वस्त्यांत नेल्या. औद्योगिक वसाहतीची किंमत तुम्ही जितके शोध लावाल तितकी चढते, पण जागा नेमली की गोठते. त्यामुळे बांधायची नसली तरी जागा आधी धरायची, फ्लॅटची बुकिंग रक्कम भरून भाव पक्का करावा तशी. सुरुवातीला एका कारखान्याचा लाभ सहा चौकटींतल्या सगळ्या शहरांना मिळायचा आणि अनेक कारखान्यांचे लाभ एकावर एक चढायचे. ते पुढे बंद केलं; आता शहराला एकाच कारखान्याचा लाभ. दाट वसवलेल्या गावांनाच त्याचा सर्वाधिक फायदा होत होता, म्हणजे पुन्हा गावंच जिंकत होती.

2025 च्या सातव्या भागाने माझा दुसरा प्रश्न उघड नियमातच घातला. खेळ तीन युगांत विभागला आणि युग पालटलं की जुन्या युगातल्या बहुतेक इमारतींचं मोल घटतं. युगाच्या शेवटी शेवटी महागडी इमारत काढणं म्हणजे हमुराबीच्या दहाव्या वर्षी पेरणी. गावांची मर्यादाही ठरवून दिली आहे. ओलांडाल तर नाराजी भोगा. काही थोड्या इमारतींना मात्र युगबदल लागू नाही. कोठार त्यांतलं एक. नव्याने खेळायला बसणाऱ्याने आधी ते बांधावं, कारखान्याचं मग बघता येईल.