नेमसर्व्हर बंद पडल्यास ईमेल का अडकतो?

ईमेल पाठवणारा सर्व्हर आधी डीएनएसला विचारतो, की या डोमेनचे टपाल कुठे द्यायचे? ही माहिती एमएक्स नोंदीत असते. डोमेनचे सगळे नेमसर्व्हर गप्प असतील, तर मेल सर्व्हर ठणठणीत असूनही ईमेल पोहोचत नाही. तो सहसा लगेच परतही येत नाही, रांगेत थांबतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात ५ दिवसांची असते. तेवढ्यात दुरुस्ती झाली, तर रांगेतले ईमेल पोहोचतात.

‘एनएसलुकअप’ वापरून प्रत्येक नेमसर्व्हरला स्वतंत्रपणे विचारून पाहा. उत्तर आले नाही, तर डोमेनची मुदत, रजिस्ट्रारकडील नेमसर्व्हरची नावे आणि फायरवॉलमधील पोर्ट ५३ तपासा. सगळे नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर ठेवू नका. ते तुटले, की सगळेच एकदम गप्प होतात.